सोफ्यांच्या मजल्यावर

२ मार्च, सोमवार

आज हो म्हणून आलो. गॅलरीवाल्या बाईंनी माझे फोन उचलणं सोडलं त्याला बराच काळ लोटला. चित्रं माळ्यावर एकमेकांना पाठ लावून उभी आहेत. नाही म्हणण्याइतकी ऐट आता माझ्याकडे उरलेली नाही.

काम असं आहे. घरसामानाच्या त्या मोठ्या दुकानात, सोफ्यांच्या मजल्यावर, भिंतीलगत कॅनव्हासचा अखंड लांब पट्टा ताणणार. मी रोज तिथे जाऊन, गिऱ्हाइकांच्या देखत, तो रंगवायचा. मे अखेरीस चित्र पुरं झालं की दुकान ते कापून विकणार, पडद्याच्या कापडासारखं, ज्याला जेवढं हवं तेवढं.

मॅनेजर तरुण आहे. अंगावर एक सुरकुती नाही, शर्टावरही नाही आणि कपाळावरही नाही. मी मनातल्या मनात त्याचं नाव इस्त्री ठेवलं. म्हणाला, "सर, लोकांना कलेची भीती वाटते. सोफ्याची वाटत नाही. आपण दोन्ही शेजारी ठेवू." वाक्य मूर्खपणाचं आहे. मी करारावर सही केली.

घरी येऊन हिला सांगितलं. ही तेव्हा डोळ्यांत थेंब घालून, मान वर करून बसली होती. हल्ली डोळे कोरडे पडतात म्हणते. तशीच छताकडे बघत म्हणाली, "रोज जायचं?"

"रोज."

"मग जा. घरात बसून भिंतींशी भांडतोस, त्यापेक्षा तिथे माणसं तरी असतील."

मला वाटलं होतं ही म्हणेल, तुझ्यासारख्या चित्रकाराने हे करू नये. म्हणाली नाही. हिला माझ्या चित्रांचं फारसं कधी काही वाटलं नाही, हेही खरंच. आयुष्यभर औषधांच्या दुकानात डॉक्टरांची अक्षरं लावली, घर चालवलं. कौतुकाला वेळ कुठून आणणार.

५ मार्च, गुरुवार

ठरलं. यांच्याच भिंतीवर यांच्याच तोंडाला काळं फासायचं. पट्टाभर नुसती तोंडं काढणार. उघडी, आ वासलेली, पिशव्यांची की माणसांची ते कळू नये अशी. गिळत राहणारी. बघू कोण टांगतं दिवाणखान्यात.

पहिल्या दिवशी फक्त एका माणसाने माझ्याशी बोलण्याची तसदी घेतली. त्याला स्वच्छतागृह कुठे आहे ते हवं होतं.

११ मार्च, बुधवार

पाय भरून आले आहेत. दिवसभर उभं राहायचं, आणि आजूबाजूला जगातले सगळे मऊ सोफे. कर्मचाऱ्यांनी त्यांवर बसायचं नाही असा नियम आहे. या मजल्यावर विक्री करणाऱ्या बाईंना मी विचारलं, तुम्हाला कधी बसावंसं वाटत नाही? त्या म्हणाल्या, "पहिली दोन वर्षं वाटलं. आता घरी गेल्यावरसुद्धा मी खुर्चीवर बसते." चांगल्या आहेत. जाड चष्मा, चपट्या चपला. गिऱ्हाईक उंबऱ्यात आलं की त्याला काय दुखतंय ते चालीवरून ओळखतात. पाठ दुखणाऱ्याला सरळ टणक सोफ्याकडे नेतात.

दुपारी एक जोडपं माझ्यामागे बराच वेळ उभं होतं. बाईने विचारलं, "हे वाळल्यावर असंच दिसणार?" मी म्हटलं, थोडं गडद होईल. नवरा म्हणाला, "बरं झालं. फिकं लवकर मळतं."

१९ मार्च, गुरुवार

इस्त्री खूश आहे. तोंडांच्या या पहिल्या भागात 'एनर्जी' आहे म्हणाला. मी स्पष्ट सांगितलं, की ही हावरट तोंडं आहेत, तुमच्या गिऱ्हाइकांची. तो आणखी खूश झाला. "सर, हे लिहून द्या ना. खाली लावू."

लिहून दिलं. लोक वाचतात, हसतात आणि फोटो काढून घेतात.

पाय उंच ठेवायला एक गुबगुबीत स्टूल घेतलं. मला दुकानात कर्मचाऱ्यांची सवलत मिळते. ही चैन नाही, गरज आहे. हिने पायाच्या बोटांनी ते चाचपून बघितलं, मांजराने दूध चाखावं तसं. मग म्हणाली, "हे इथेच राहणार ना? कायम?"

"इथेच."

"बरं. हलवू नकोस."

एका स्टुलाचा केवढा बाऊ. हिला घरात नवीन वस्तू आलेली खपत नाही.

२७ मार्च, शुक्रवार

तोंडं कागदी पिशव्यांवर छापून आली. कोणी मला विचारलंही नाही, आणि करारात त्यांना तो हक्क दिलेला निघाला. आता गिऱ्हाईक पिशवीवर माझं आ वासलेलं तोंड घेऊन बाहेर पडतं आणि त्या तोंडात उशा कोंबलेल्या असतात. थट्टा करायला गेलो आणि माझीच थट्टा त्यांनी दोरी लावून विकायला काढली. यावर रागवायलासुद्धा ताकद लागते. ती आज नव्हती. उभ्याने चहा प्यायलो आणि पुढच्या तोंडाला लागलो.

७ एप्रिल, मंगळवार

घरात आता उंच दिवा आला आहे, एक आरामखुर्ची, आणि काचेचं बसकं टेबल. वस्तू आल्या की खोलीची जुनी रचना बिघडते, म्हणून मी सकाळी निघण्यापूर्वी थोडं इकडचं तिकडे करतो. डावीकडे भार जास्त झाला की उजवीकडे काहीतरी लागतंच. हे कळायला डोळा लागतो. हिला म्हटलं, आज बघ, खोलीला कसा श्वास मिळालाय. ही दारात भिंतीवर हात टेकून उभी राहिली. "दिवा कुठे गेला?" म्हणाली. दिवा तिच्या खांद्याशी होता.

हिच्या नडगीवर मोठा वळ उठला आहे. कशावर तरी आपटली असणार, धांदरटपणाच. पण काय रंग होता. मध्ये जांभळा, कडेला काळसर, आणि अगदी बाहेर कच्च्या लिंबासारखा पिवळा, तो हळूच कातडीत विरत गेलेला. असा पिवळा मला वर्षानुवर्षं साधलेला नाही. जरा पाय उजेडात धर म्हटलं. तिने धरला. दुकानात जाऊन तो रंग घोटत बसलो, संध्याकाळपर्यंत मिळाला. आजचा दिवस सार्थकी लागला.

१२ एप्रिल, रविवार

सुट्टी. जेवण झाल्यावर करमेना. चक्कर मारतो म्हणून निघालो तो दुकानात पोचलो. कुंचला न धरता गिऱ्हाइकांत मिसळून माझ्याच चित्रासमोर उभा राहिलो. एका बाईने मला विचारलं, "काय आहे हो हे?" मी म्हटलं, माहीत नाही, पण बघावंसं वाटतंय.

खोटं नको लिहायला, इथे तरी. मला ते दुकान आवडायला लागलं आहे. तिथे उजेड दिवसभर सारखा असतो. माणसं थांबतात. कौतुकाने नसतील थांबत, पण थांबतात. गॅलरीत माझ्या चित्रांसमोर फक्त माझे ओळखीचे लोक थांबायचे, आणि तेही सरबताचा पेला हातात असेपर्यंत.

१८ एप्रिल, शनिवार

ही आज चित्र बघायला आली. आपणहून. न सांगता.

सरकत्या जिन्याने न येता बाजूच्या साध्या जिन्याने वर आली, कठडा धरून. सोफ्यावाल्या बाई पुढे झाल्या आणि हिचा हात धरून, सोफ्यांच्या मधून वळणं घेत, माझ्यापर्यंत घेऊन आल्या. एवढ्या आदरातिथ्याची गरज नव्हती, हिला संकोच झाला असेल.

ही चित्रासमोर उभी राहिली आणि मान डावीकडून उजवीकडे फिरवत गेली, हळूहळू, जणू पट्टी लावून मोजतेय. सगळं चित्र एका नजरेत घ्यायचं असतं, हे हिला आजवर किती वेळा सांगितलं. मग अगदी नाक टेकेल इतकी जवळ गेली आणि तिने चक्क बोट लावलं. लोक बघत होते. मी दबक्या आवाजात म्हटलं, हात लावू नये.

"हा पिवळा," ती म्हणाली, "माझ्या पायाचा आहे."

मी म्हटलं, रंग काही कुणाच्या मालकीचा नसतो.

"नसेल. दुखला मात्र मला."

सोफ्यावाल्या बाई तोंड फिरवून हसल्या. मला राग आला, नंतर मलाही हसू आलं. जाताना त्या बाई हिला खालपर्यंत पोचवायला गेल्या आणि बराच वेळ परतल्या नाहीत. काय एवढं बोलत होतात विचारलं, तर म्हणाल्या, "तुमच्या मिसेसनी विचारलं, घरी घेतलेल्या टेबलाच्या काचेला रंगीत कड लावून मिळेल का."

पारदर्शक काचेला रंगीत कड. म्हणजे टेबलाचा सगळा हलकेपणाच गेला. मी नको म्हणून सांगितलं.

२५ एप्रिल, शनिवार

आमचा कोळसा येऊन गेला. कॉलेजपासून कोळशाने चित्रं काढतो म्हणून कोळसा. दुकानात येऊन माझ्याभोवती फिरला आणि म्हणाला, "शोकेसमधला पुतळा झालास की रे. आता गळ्यात किमतीची चिठ्ठी तेवढी अडकव." मग कलेवर बराच वेळ बोलला. बाजाराने कलेला खाल्लं, कलेने बाजाराला खाल्लं, एकूण कोणीतरी कोणालातरी खाल्लं. बोलता बोलता तो सोफ्यावर बसला, मग टेकला, मग त्याला डुलकी लागली. जाताना दोन अभ्रे घेऊन गेला. पिशवीवर माझं तोंड होतंच.

त्याचं बोलणं मनाला लागलं नाही. पूर्वी आठवडाभर जेवण गेलं नसतं. म्हातारपण म्हणतात ते हेच असावं, शब्द आतपर्यंत पोचायच्या आधीच दमतात.

३ मे, रविवार

लेकीचा फोन. दूर राहते, तिच्या दोन मुलांच्या धबडग्यात असते. आईशी बोलून झाल्यावर मला म्हणाली, "बाबा, घरात फार सामान नका ना आणू. आईला वावरायला त्रास होतो."

मी म्हटलं, तुझ्या आईने चुगली केली वाटतं.

"चुगली नाही. तुम्ही जरा बघा तिच्याकडे."

बघतो की. रोज बघतो. ही अलीकडे बारीक झाली आहे, संध्याकाळी बाहेर पडत नाही, चहा ओतताना बशीत सांडते. वय दोघांचंही झालं. लेकीला लांबून सगळं मोठं दिसतं.

९ मे, शनिवार

रात्री उशिरा लिहितोय.

दुपारी सोफ्यावाल्या बाई धावत आल्या, घरून फोन आहे म्हणाल्या. शेजारच्या आजोबांनी केलेला. ही पडली होती. सकाळी निघताना मी काचेचं टेबल खिडकीकडून खोलीच्या मधोमध आणलं होतं, तिथे उजेड छान पडतो म्हणून. ही त्यावरून गेली. मनगट मोडलं.

इस्पितळात हाड बसवून झाल्यावर डॉक्टरबाईंनी हिच्या डोळ्यांत बॅटरी मारली, काही विचारलं, आणि मग मला म्हणाल्या, "यांना बाजूचं कधीपासून दिसत नाही?"

मी म्हटलं, "दिसतं की सगळं."

त्यांनी हिला समोर बघायला सांगितलं आणि कानाच्या बाजूने बोट हलवत हळूहळू पुढे आणलं. मला वाटलं, आता म्हणेल, आता म्हणेल. बोट गालापाशी आलं, नाकाच्या रेषेत येऊ लागलं. ही समोरच बघत होती, शहाण्या मुलीसारखी. मग म्हणाली, "आता दिसलं."

काचबिंदू. कडा गेल्या आहेत. समोर एका नळीतून बघावं तेवढं उरलं आहे.

१० मे, रविवार

विचारलं, कधीपासून?

"वर्ष होऊन गेलं. थेंब चालू आहेत ना. गेलेलं परत येत नाही, आहे ते टिकवायचं."

"मला का सांगितलं नाहीस?"

प्लास्टरातला हात उशीवर नीट ठेवत ती म्हणाली, "सांगणार होते. आधी तू माळ्यावर जाऊन नुसता बसायचास, तेव्हा सांगून काय करू वाटलं. मग हे काम आलं. तू सकाळी उठून दाढी करायला लागलास. जेवताना बोलायला लागलास. मी म्हटलं, पुरं होऊ दे."

"लेकीला माहीत होतं?"

"हो."

"आणखी कोणाला?"

"तुझ्या त्या सोफ्यावाल्या बाईंनी ओळखलं. त्यांच्या आईचं असंच झालं होतं. मीच त्यांना म्हटलं, यांना सांगू नका."

आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो, की चित्रकार तो, जो इतरांना दिसत नाही ते बघतो. आज दिवसभर या वाक्याची लाज वाटत राहिली. हिच्या नडगीचा पिवळा मी बरोबर टिपला. तो वळ उठला कशाने, हे विचारायचं राहून गेलं.

१२ मे, मंगळवार

सगळं सामान बाहेर काढलं. दुकान वापरलेला माल परत घेत नाही. जिन्याच्या खाली ओळीने ठेवलं आणि 'कोणीही घ्या' अशी पाटी लावली. दुपारपर्यंत सगळं गेलं. एक बाई आरामखुर्ची नेताना हळूच विचारत होत्या, यात ढेकूण वगैरे नाहीत ना.

मग जुनं सामान जागच्या जागी लावायला घेतलं, तर मला एकाही वस्तूची जागा आठवेना. ही पलंगावरून सांगत होती. "खुर्ची आणखी दाराकडे. अजून. तिची पाठ भिंतीला लागली की थांब. कपाटापासून तीन पावलांवर टेबल. माझी पावलं, तुझी नाही." सगळी खोली तिला पाठ होती.

लावून झाल्यावर ती उठली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. कुठे हात टेकला नाही. मी मध्येच उभा होतो, तर म्हणाली, "तू मात्र सरक."

१६ मे, शनिवार

कामावर गेलो नव्हतो. इस्त्री घरी आला, फुलं घेऊन. फार विनयाने वागला. काम सोडावंसं वाटत असेल तर समजून घेऊ म्हणाला. तो गेल्यावर ही म्हणाली, "किती राहिलंय?"

"शेवटचा भाग."

"मग पुरं कर. अर्धवट टाकून माझ्याजवळ बसशील तर सतत माझ्याकडे बघशील. मला नाही चालायचं."

आता दुपारी शेजारचे आजोबा येऊन बसतात, हिला पेपर वाचून दाखवतात. मी तेवढ्यापुरता जातो. शेवटच्या भागात तोंडं जमत नाहीत. कोणावर ओरडायचंय तेच आठवत नाही. नुसता रंग लावत जातो, मध्यापासून कडेकडे, आणि कडेला पोचेपर्यंत संपत आणतो.

३० मे, शनिवार

आज कापलं.

पडद्यांच्या विभागातले काका मोठी कात्री घेऊन आले. लांब टेबलांवर पट्टा पसरलेला, आणि लोक दोन्ही बाजूंना, कापडाच्या दुकानात असतात तसे. काकांनी मला विचारलं, "साहेब, कुठून कापू?"

मी म्हटलं, गिऱ्हाईक म्हणेल तिथून.

एका बाईंना मधलं तोंड हवं होतं, पण दात नकोत. एका जोडप्याला पलंगाच्या उशाशी लावायला पलंगाएवढं, आणि त्यात काळा नको, झोप उडते. ते दोघे मला ओळखीचे वाटले. फिकं लवकर मळतं म्हणणारा तोच असावा. एका गृहस्थांनी पिवळा तुकडा नेला, न्हाणीघरासाठी. मी म्हटलं, ओल लागेल. ते म्हणाले, काचेत बसवू.

मला वाटलं होतं कात्री आपल्याच अंगातून जाईल. तसं काही झालं नाही. नुसतं थकायला झालं. थोड्या वेळाने बघतो तो मापपट्टीचं दुसरं टोक मीच धरलेलं. "इथपर्यंत?" असं मीच विचारत होतो. काका कापायचे, मी गुंडाळायचो. एक म्हातारे गृहस्थ आपला तुकडा दोन्ही हातांवर, झोपलेलं मूल न्यावं तसा घेऊन गेले. त्यांच्याकडे मी बराच वेळ बघत राहिलो.

संपलं तेव्हा इस्त्री आला. त्याच्या शर्टावर आज पहिल्यांदा चुणी दिसली. "सर, पुढच्या वर्षी आंघोळीच्या विभागात करू या?" मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. सोफ्यावाल्या बाईंनी निरोप घेताना हिच्यासाठी चिठ्ठीवर त्यांच्या आईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. मग इकडेतिकडे बघून त्या एका सोफ्यावर बसल्या. मीही बसलो. 

३१ मे, रविवार

सकाळी हिने विचारलं, "आपल्यासाठी ठेवलास का एखादा तुकडा?"

नाही ठेवला. डोक्यातच आलं नाही. सगळा गेला म्हटलं.

"मग सांग, कसं होतं. त्या दिवशी मी तुकड्या-तुकड्यानेच बघितलं."

मी सांगायला लागलो. अवकाश, आकार, उपभोगाचं रूपक. ही ऐकत होती, पण चेहरा औषधाचं कंटाळवाणं पत्रक वाचत असल्यासारखा. मग म्हणाली, "असं नको. मी गिऱ्हाईक आहे. मला विकायचंय तुला."

मी जरा बावरलो. मग खाकरून, सोफ्यावाल्या बाईंच्या आवाजात म्हटलं, "या बाई, बसा. हे बघा, लांबीला भरपूर, आपल्या या भिंतीवरून वळून पुढच्या खोलीत जाईल एवढं. रंग पक्का. सुरुवातीला तोंडं आहेत, मोठमोठी, पण चावत नाहीत."

"दारापाशी लावलं तर पाहुणे पळतील का?"

"नको ते पळतील, बाई. तो फायदाच."

ही हसली. प्लास्टरातला हात पोटाशी धरून हसली. मग एकेक विचारत गेली. पुढे काय, त्याच्या बाजूला कोणता रंग, लाल म्हणजे कसला लाल, गाजराचा की कापल्या बोटाचा. मी सांगत गेलो. इतकी वर्षं मी हिला चित्रं दाखवली, समजावली. सांगितलं कधीच नव्हतं. चहा दोनदा गार झाला.

शेवटच्या भागापाशी आलो आणि अडखळलो. डावीकडे खाली कोपऱ्यात मी काय काढलं होतं, तेच आठवेना. डोळे मिटून बघितलं, तरी नाही. ते चित्र आता कुठल्या घरांत किती भिंतींवर गेलं, देव जाणे, जाऊन बघायची सोय नाही. मी म्हटलं, "कोपरे आठवत नाहीत गं."

"कोपऱ्यांचं राहू दे," ती म्हणाली. "मला तरी कुठे दिसतात. मधलं सांग."